माळावरच्या चिंध्या

आमच्या घरात सकाळ व्हायची ती बत्त्याच्या आवाजानं. अब्बा पहाटेची नमाज आटोपून दुकानाच्या ओट्यावर बसायचे, लोखंडी खलात काहीतरी टाकायचे आणि बत्ता धरायचे. मी अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून ओळखायची, आज सुंठ आहे, आज हिरडा आहे. हिरडा फुटताना कडकड करतो, सुंठ दबकत बोलते आणि वेखंड कुटायला घेतलं की आवाजाआधी वासच घरात शिरतो. रहिमतपुरात आमच्या दुकानाला पाटी नव्हती. अत्ताराचं दुकान म्हटलं की झालं. गोरगरिबाच्या घरात बाळंतीण असो की खोकल्यानं बेजार म्हातारा, माणूस आधी आमच्या ओट्यावर यायचा आणि मग दवाखान्यात जायचा. घरात आम्ही निम्मं दखनी, निम्मं मराठी बोलायचो. झाडांची नावं मात्र चुलीपाशीसुद्धा मराठीच, म्हणून अब्बांचं बोलणं मी इथं मराठीतच लिहिते.

अब्बांचा एक हट्ट होता. ज्या झाडाचं फूल स्वतः पाहिलं नाही त्याचं मूळ दुकानात घ्यायचं नाही. मुळ्या विकायला येणारे लोक वैतागायचे. म्हणायचे, अत्तारभाई, मूळ तर समोर दिसतंय, फुलाचं काय लोणचं घालायचंय? अब्बा हसून म्हणायचे, "मूळ जमिनीच्या पोटातलं. पोटातलं कुणाला कळतंय? त्वांड बघून माणूस वळखावं, फूल बघून झाड." त्यामुळं पावसाळ्यात, माळ फुलला की दुकान अम्मावर सोपवून ते माळाला निघायचे. त्यांना मुलगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी. नूरआपा मोठी, तिला उन्हात डोकेदुखी व्हायची आणि चिखलाची किळस होती. मला दोन्ही नव्हतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर.

गावाच्या पूर्वेचा तो माळ लांबून पाहिला तर काहीच नाही. मुरूम, गवत, मधूनमधून तरवडाची झुडपं, टोकाला एक पिराचं थडगं आणि त्यावर वाकलेलं चिंचेचं झाड. येणारा-जाणारा म्हणायचा, काय भकास जागा आहे. पण अब्बा मला तिथं खाली बसवायचे. "उभ्यानं वळखलेलं झाड निम्मंच वळखलेलं असतंय," असं ते म्हणत. खाली बसलं की गवताच्या बुडात निराळंच गाव वसलेलं दिसायचं. विष्णुक्रांतेची निळी फुलं, शर्टाच्या बटणाएवढी, दुपार झाली की मिटून बसणारी. गवताला विळखा घालून चढलेलं कंदीलफूल, ज्याच्या नळीत चिलटं शिरतात आणि पुन्हा बाहेर यायला त्यांना वेळ लागतो. उतरण नावाच्या वेलीचं पान तोडलं की दूध. निचर्डीची पिवळी फुलं कुणाच्या नजरेत भरत नाहीत, पण तिची फळं परकराला चिकटून घरापर्यंत येतात. मी घाईनं नाव सांगून टाकायची आणि अब्बा म्हणायचे, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आधी इचार त्याला, कवा उघडतोस, कवा मिटतोस, तुझ्याकडं कोण येतंय जातंय. पान उलटं करून बघ. वास घे. मग नाव." माझ्या नातवंडांना मी हे सांगते तेव्हा ती फोन झाडासमोर धरतात आणि फोन नाव सांगून मोकळा होतो. बऱ्याचदा बरोबरही सांगतो. मला त्याचा राग नाही. फक्त त्या फोनला खाली बसावं लागत नाही, एवढं मला खटकतं.

या सगळ्यात अब्बांचा जीव पांढऱ्या मुसळीवर. पहिल्या पावसानंतर तिची पानं जमिनीला टेकून पसरतात, रुंद गवतासारखी. मधून एक दांडा निघतो आणि त्यावर पांढरी फुलं येतात, सहा पाकळ्यांची, मध्ये पिवळे केसर. सकाळी जवळ गेलं तर मंद वास. पाऊस सरला की पानं वाळतात आणि थंडी पडेपर्यंत झाड जमिनीवरून साफ नाहीसं होतं. मुळं मात्र त्याच वेळी भरलेली असतात. म्हणजे खणायची वेळ येते तेव्हा झाड दिसत नाही आणि झाड दिसतं तेव्हा खणायचं नाही. शिवाय तशीच पानं रानकांद्याला येतात, आणि रानकांदा तर विषारी. म्हणून अब्बा फुलाच्या दिवसांत प्रत्येक मुसळीच्या गड्ड्यात, अगदी मधोमध, तरवडाची काठी ठोकायचे आणि तिला जुन्या लुंगीची चिंधी बांधायचे. काठी गड्ड्यातच हवी, शेजारी नको. शेजारी ठोकली तर हातभर जागा उगाच उकरावी लागते, असं त्यांचं म्हणणं. थंडीत जाऊन त्या चिंध्या शोधायच्या, काठी उपटायची आणि तिच्या भोकाभोवती खुरपं लावायचं. की पांढऱ्या बोटांसारखी मुळं हाताला लागतात.

त्या वर्षी पाऊस आला आणि गेला, असंच म्हणायला हवं. आदल्या वर्षीही त्यानं पाठच फिरवली होती. मृगात दोन-चार सरी पडल्या, माळावर हिरवी लव आली आणि मग आभाळ कोरडं ठणठणीत. अब्बा तेव्हाच हिवतापानं अंथरुणाला खिळले. गोधडीत कुडकुडत म्हणाले, "जैबू, तू जा. फूल दिसंल तितंच काठी लाव. नुसत्या पानांवर जाऊ नगंस." मी एकटी गेले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं काम. मुसळीची पानं बऱ्याच ठिकाणी होती, पण फूल थोड्याच ठिकाणी. बाकीच्यांनी त्या वर्षी फुलायचा बेतच रद्द केला होता. मी फुलं शोधून शोधून काठ्या ठोकल्या, लुंगीच्या चिंध्या बांधल्या आणि घरी येऊन अब्बांना एकेक जागा वर्णन करून सांगितली. पिराच्या उतरणीवर, फुटक्या काळ्या दगडाच्या कुशीत, तीन गड्डे एकमेकांना लागून होते, म्हणून तिथं मधल्या गड्ड्यात एकच काठी ठोकली होती. ते सांगताना मला फार अभिमान वाटला होता.

पुढं दुष्काळ पडला. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी वेगळं काय लिहू? आमच्या चुलीवर परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लालसर भाकरी आली, ती तोंडात फिरत राहायची पण गिळवत नसे. हुलग्याचं माडगं मात्र अम्मा असं करायची की भाकरीचं दुःख विसरावं. गावची निम्मी माणसं खडी फोडायला जात. पहाटे बत्त्याच्या आवाजाच्याही आधी रस्त्यावरून पावलांचा आणि घमेल्यांचा आवाज जायचा. आणि याच दिवसांत नूरआपा बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा सांगलीला हळदीच्या वखारीत कामाला होता. तिला सोडायला आला तेव्हा त्याच्या अंगाला हळदीचा वास येत होता आणि चेहराही तसाच पिवळा दिसत होता, काळजीनं.

थंडीच्या तोंडाला आपाला मुलगा झाला. आपाला ताप भरला, तो उतरेना, आणि दूध येईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी इंजेक्शनं दिली, तापाला उतार पडला. त्या म्हणाल्या, आईच्या अंगात ताकद नाही, तिला खाऊ घाला आणि बाळाला पावडरचं दूध पाजा. पावडर मिळेल तेव्हा मिळायची. शेजारची शेळी आटत आली होती. बाळ आधी रडायचं, मग कण्हल्यासारखं करायचं, पुढं पुढं नुसतं तोंड उघडून बघत राहायचं. रडणारं मूल बरं हो. न रडणाऱ्या मुलाच्या घरात पावलं वाजवायचीसुद्धा भीती वाटते. अम्मा म्हणाली, "दुष्काळात तेरावा म्हैना म्हंत्यात त्यो ह्योच."

बाळंतिणीला मुसळीची खीर, हा अब्बांचा हातखंडा उपाय. पण डब्यात मुसळी उरली नव्हती. त्या वर्षी अशक्त बाळंतिणी इतक्या आल्या की अब्बांनी होती नव्हती ती सगळी वाटून टाकली होती. आपल्याच घरात वेळ येईल हे त्यांच्या मनात आलं नसावं, किंवा आलं असलं तरी समोरच्या बाईला नाही म्हणणं त्यांना जमलं नसावं. मेहुण्यांनी सांगलीच्या बाजारातून पुडा पाठवला. अब्बांनी एक तुकडा मोडला, चावला आणि पुडा तसाच बांधून ठेवला. कसली तरी किडकी मुळं सोलून घातली होती. "हे मी दुसऱ्याच्या लेकीला दिलं नसतं, माझ्या लेकीला कसं दिऊ?" एवढंच म्हणाले आणि मला म्हणाले, "चल, तुझ्या काठ्या दाखीव."

आम्ही माळावर गेलो आणि मी जागच्या जागी थबकले. बाकी सगळा माळ खणून काढलेला. पोटासाठी लोकांनी कंदमुळं उकरली होती, उरलेल्यात साळिंदरांनी हात धुऊन घेतले होते. पण पिराच्या उतरणीवर मात्र काठ्याच काठ्या उभ्या आणि प्रत्येक काठीला चिंधी. हिरव्या, तांबड्या, लुगड्याच्या काठाच्या, पोराच्या झबल्याच्या. माझी एकही लुंगीची चिंधी नव्हती, ती शेळ्यांनी कधीच खाल्ली होती. झालं असं होतं की पिराजवळ चिंधी बांधलेल्या काठ्या पाहून कुणा बाईला वाटलं, ही पिराची निशाणं. नवस बोलायला लोक अशी निशाणं लावतातच. तिनं माझ्या काठीला आपली चिंधी बांधली. तिचं पाहून दुसरीनं, दुसरीचं पाहून तिसरीनं. माझ्या काठ्या संपल्या तेव्हा बायांनी तरवड मोडून नव्या काठ्या रोवल्या. दुष्काळात मागण्यांना काय तोटा? निशाणांमुळंच तेवढ्या जमिनीला कुणी खुरपं लावलं नव्हतं. म्हणजे माळावर उरलीसुरली मुसळी होती ती नेमकी लोकांच्या नवसाखाली.

मी म्हणाले, "अब्बा, काठ्या तर आपल्याच हायत. काढू या की." अब्बांनी मान हलवली. "काठी आपली व्हती गं. आता तिच्यावर कुणाचं तरी गाऱ्हाणं बांधलंय. ज्येनं गाठ मारली त्येनंच सोडायची, न्हाईतर मागणं पुरं झाल्यावर सोडायची. तिसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

"मग काढून खणू आन् परत रोवू."

"निशाण हाय का खेळणं?"

ते चिंचेखाली बसून राहिले. आयुष्यभर दुसऱ्याच्या दुखण्यांवर मुळांत उपाय शोधणारा तो माणूस त्या दिवशी मला एकदम म्हातारा वाटला. मला त्यांचा राग आला होता. घरात बाळ मरायला टेकलंय आणि हे चिंध्यांचा मान राखत बसलेत. आज त्यांच्या वयाच्याही पुढं गेल्यावर मी त्यांच्या बाजूनं विचार करू शकते, पण तेव्हा रागच आला होता, तो मी लपवत नाही.

मी उतरणीवर हिंडू लागले. फुटका काळा दगड सापडला. त्याच्या कुशीत एक काठी होती आणि तिला खाकी पटक्याची पट्टी बांधलेली. ती कुणाची हे आख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. माळाखालच्या वाडीतली इंदूवहिनी. तिचा नवरा फौजेत होता. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. गावातले इतर जवान रजेवर येऊन गेले, एकाच्या सामानाची नुसती पेटी आली, पण इंदूवहिनीच्या घरी नुसती तार आली होती, बेपत्ता म्हणून. जिवंत असल्याचंही नाही आणि गेल्याचंही नाही. गावालाही तिचं काय करावं कळेना. हळदीकुंकवाला बोलवावं तर म्हाताऱ्या बाया कुजबुजायच्या, न बोलवावं तर अभद्र बोलल्यासारखं. ती दिवसभर खडी फोडायची आणि दर गुरुवारी कामावरून परस्पर पिराला यायची, नवऱ्याच्या पटक्याची ती पट्टी नीट आहे ना बघायची, आणि जायची.

घरी आल्यावर मी अम्माला सगळं सांगितलं. अब्बा म्हणाले, "त्या पोरीला कुणी काय इचारायचं न्हाई. ती पट्टी न्हवं, तिचं माणूस हाय ते." आतल्या खोलीत आपा बाळाला छातीशी धरून बसली होती आणि बाळ ओढत नव्हतं. गुरुवारी दुपार कलल्यावर अम्मानं डोक्यावरून पदर घेतला, खुरपं आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चल."

इंदूवहिनी दगडाशी उकिडवी बसली होती. केसांवर, भुवयांवर खडीची पांढरी धूळ. अम्माला पाहून उठली. "आवं अत्तारकाकी, तुमी हिकडं? नूरचं बाळ कसं हाय?"

अम्मा एवढ्या वाटेत काय काय बोलायचं ठरवून आली असेल, पण त्या प्रश्नावर तिला रडूच कोसळलं. तिनं बाळाचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, डब्यातली मुसळी संपल्याचं सांगितलं. काठीचं मात्र तिच्या तोंडून निघेना. ते मीच सांगितलं. पावसात मी इथं काठ्या लावल्या होत्या, ही खूण मुसळीची होती, निशाण नव्हतं, आणि दगडाजवळचे तीन गड्डे बहुतेक याच काठीखाली आहेत. इंदूवहिनी ऐकत राहिली. मग तिनं काठीवरच्या पट्टीला हात लावला.

"म्हंजी हितं पिराचं निशाण कवाच नव्हतं?" तिनं विचारलं.

"तू बांधलंस तवा झालं की, बाई," अम्मा म्हणाली. "खोटं न्हाई काय त्यात. तू म्हंशील तर आमी अशाच माघारी जातो. न्हाईतर… दुसरीकडं बांध. तितं चिंचंला बांध."

इंदूवहिनीनं चिंचेकडं बघितलंही नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "जैबू, खात्रीनं सांग. हितंच हाय? उगा माझ्याकडनं सोडवून घेशील आन् खाली निघायचा रानकांदा."

ती बरोबर बोलत होती. काठी दगडाच्या कुशीत होती खरी, पण ती माझीच कशावरून? नंतर कुणी रोवलेली असू शकत होती. माझी काठी मोडून पडली असेल आणि इंदूवहिनीनं चार बोटं सरकून दुसरी लावली असेल. तिलाही ते आठवत नव्हतं. मी खाली बसले. जमीन भाजलेल्या खापरासारखी. एक पान नाही, दांडा नाही. मी तोंड मातीजवळ नेलं आणि फुंकर घालून धूळ उडवू लागले. काठीच्या बुडाशी वाळक्या पानांचे तंतू होते, पण ते रानकांद्याचेही तसेच दिसतात. दगडाच्या फटीत बोट घातलं तेव्हा एक वाळकं टरफल हाताला लागलं. त्याला तीन कोपरे होते आणि त्यातल्या एका खणात एक काळंभोर, चपटं बी अडकून राहिलं होतं. रानकांद्याला पावसाळ्यात फूल येत नाही, तो उन्हाळ्यातच फुलून मोकळा होतो. त्याचं टरफल एवढे महिने वाऱ्यात इथं टिकणार नाही. हे मुसळीचं. आणि काठी त्याच्याच बुडात. मी चुकले असते तर त्या बाईचं उरलंसुरलं मी रानकांद्यासाठी घालवलं असतं.

"हितंच हाय," मी म्हणाले.

"फूल तर न्हाई. कशावरनं म्हंतीस?"

मी तळहातावरचं टरफल दाखवलं. म्हणाले, "वैनी, फूल येऊन गेलं की असं टरफल मागं ऱ्हातं. फूल आता दिसायचं न्हाई, पर ह्येच्यावरनं कळतं."

इंदूवहिनीनं ते टरफल दोन बोटांत धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातावर परत ठेवलं. मग ती काठीपुढं नीट मांडी घालून बसली. गाठ उन्हापावसानं घट्ट झाली होती, नखांनी सुटेना. खडी फोडून तिची बोटंही फुटलेली. अम्मा मदतीला पुढं झाली, तर तिनं हातानंच थांबवलं. शेवटी तिनं दातांनी गाठ ढिली केली आणि सोडली. पट्टी झटकली, घडी घातली, चोळीत ठेवली. काठी तिनंच उपटली आणि माझ्यापुढं ठेवली. "खण," म्हणाली.

मी खणलं. मुळं निघाली, पांढरी, दुष्काळानं बारीक झालेली, पण मुसळीचीच. तीन गड्ड्यांची मिळून ओंजळभर. मी मान वर केली तेव्हा इंदूवहिनी उतरणीवरून वाडीकडं चालू लागली होती. चिंचेकडं ती गेलीच नाही.

घरी अब्बांनी मुळं पाहिली आणि एवढंच विचारलं, "गाठ कुणी सोडली?" अम्मा म्हणाली, "तिनंच." अब्बांनी मुळं धुतली, सोलली, आणि वाळवायला सवड नव्हती म्हणून ओलीच वाटून शेळीच्या दुधात शिजवली. पुढं आपाला दूध आलं. मुसळीनं आलं, की ताप उतरल्यानं, की डॉक्टरीणबाईंनी कुठून तरी पावडरचा डबा मिळवून दिला त्यानं बाळानं तग धरला, हे मी सांगू शकणार नाही. इतकी वर्षं याच धंद्यात काढल्यावर मुळांवर माझा विश्वास आहे, पण शपथ घेण्याइतका नाही. बाळ मात्र एका सकाळी कडाडून रडलं आणि अब्बांच्या हातातला बत्ता थांबला. आम्ही सगळे आत धावलो आणि ते रडणं ऐकत वेड्यासारखे हसत उभे राहिलो. ते बाळ आज सांगलीत आहे, पन्नाशी ओलांडलेलं, आणि माझ्यावर मोठ्यानं ओरडू शकतं.

बाळाच्या बारशाला वाडीतल्या बाया आल्या. आमच्याकडं हिंदू बाया आल्या की अम्मा जाताना त्यांना हळदकुंकू लावायची. त्यासाठी एक पितळी करंडा ठेवलेला होता. इंदूवहिनी सगळ्यांच्या मागून, उशिरा आली, कामाच्याच लुगड्यात. बाया थोड्या सरकल्या, नेहमीसारख्या. बोलवावं की न बोलवावं हा पेच त्यांच्या चेहऱ्यावर तसाच होता. अम्माला मात्र पेच नव्हता. तिनं करंडा उचलला आणि सगळ्यांत आधी इंदूवहिनीपुढं जाऊन बसली. चिमटीत कुंकू घेतलं आणि तिच्या कपाळाकडं हात नेला. तेव्हा आम्हाला दिसलं की तिचं कपाळ मोकळं आहे. कुणी पत्र आणलं नव्हतं, तार आली नव्हती, पेटी आली नव्हती. तिच्या सासरीही कसली बातमी आली नव्हती, असं नंतर कळलं.

इंदूवहिनीनं अम्माचा हात हळूच धरून खाली केला. "नगं काकी," ती म्हणाली. "मला बी ठाव हुतं की. लय दिसापास्नं ठाव हुतं. कुणीतरी येऊन सांगंल म्हणून बसले हुते."

अम्माच्या चिमटीतलं कुंकू तसंच राहिलं. मग इंदूवहिनीनं आपाकडं हात पसरले आणि म्हणाली, "आन गं हिकडं त्येला. बघू तरी, कुणासाठी सोडला मी त्येला."

आपानं बाळ तिच्या मांडीवर दिलं.